वाचनात मागे पडलेल्या मुलांना स्वतःहून वाचायला कसं लावावं? नोंदवही ठेवावी का?

तुमच्या वर्गातली सात-आठ मुलं मौनवाचनाला पुस्तक उघडून बसतात पण वाचत नाहीत, म्हणून वाचन नोंदवही सुरू करू का, असं विचारलंय. नोंदवहीचं नाव वाचलं आणि राहवलं नाही.

मीही शिक्षकच. सहावीला रोज वीस मिनिटं मौनवाचन मी सुरू केलं होतं आणि त्याचा भारी अभिमान होता. वर्ग चिडीचूप. एकदा सहज मागच्या बाकामागे उभा होतो, तेव्हा लक्षात आलं की एक मुलगी शेजारणीने पान उलटलं की आपलं उलटते. दोघींची पुस्तकं वेगळी! कित्येक महिने ती हेच करत होती आणि मी तिला 'शांत वाचक' समजत होतो.

जवळ बसवून वाचायला सांगितलं. साधे शब्द बरे जायचे, जोडाक्षर आलं की पहिल्या अक्षरावरून अंदाज. 'दृष्टी'चं 'दुसरी'. ओळीत तीनदा असं अडखळलं की आधीची ओळ डोक्यातून गेलेलीच. अशा पोरीला गोडी कुठून लागणार? अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनेल या तज्ज्ञांच्या समितीने २००० साली आधीचे अभ्यास तपासले, तेव्हा नुसत्या मौनवाचनाने वाचनाचा ओघ सुधारतो याला पुरेसा पुरावा सापडला नव्हता. शिक्षकाच्या मदतीने तोच उतारा मोठ्याने पुन्हा पुन्हा वाचण्याला सापडला. म्हणजे माझ्या लाडक्या तासाचा तिला फारसा उपयोग नव्हता.

मग तिला सांगितलं, पहिलीच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवायची आहे, तयारी कर. त्यामुळे सोपं पुस्तक हातात घ्यायची लाज गेली आणि तेच पान पाच वेळा वाचायला कारणही मिळालं. माझ्यापुढे रोज पाच मिनिटं, बस. सगळ्या वर्गासमोर उभं करून वाचायला लावू नका, मूल कायमचं बिथरतं.

दीडेक महिन्याने ती कपाटातून सायकल दुरुस्तीची एक पातळ पुस्तिका स्वतःहून घेऊन आली. घरी सायकली खोलायची सवय होती तिला. 'फ्रीव्हील', 'स्प्रॉकेट', 'स्पोक' सगळं धडाधड वाचलं, आणि पुढच्या वाक्यातल्या 'आवश्यकता'ला अडली. विषय ओळखीचा असला की अवघड शब्दही सुटतो. १९८८ मध्ये रेख्त आणि लेस्ली या संशोधकांनी बेसबॉलवरचा उतारा मुलांना वाचायला दिला होता. खेळ जाणणाऱ्या कच्च्या वाचकांना तो खेळ न जाणणाऱ्या पक्क्या वाचकांपेक्षा चांगला समजला. म्हणून मुलाला आधी काय येतं ते बघा, पुस्तक नंतर निवडा. अर्धं सोडून दुसरं घेतलं तर घेऊ द्या.

आमच्या एक ज्येष्ठ बाई होत्या. त्यांचं म्हणणं, "सायकलची पुस्तिका म्हणजे काय वाचन? आणि वाचलं याला पुरावा काय?" त्यांच्या वर्गात प्रत्येक पुस्तकामागे नाव, लेखक, सारांश, बोध. आमचं यावरून स्टाफरूममध्ये कितीदा वाजलं! माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं की ज्याला वाचायलाच जड जातं त्याच्यावर लिहायची शिक्षा कशाला? तुम्हालाही तेच सांगतो, नोंदवही नको. पुस्तकातली एखादी गोष्ट गप्पांत विचारा, वाचलं की नाही ते दोन मिनिटांत कळतं.

सात-आठ जणांना रोज जवळ बसवणं अवघड आहे, मान्य. दोघादोघांचे दिवस लावा. आणि हो, आधी डोळे तपासून घ्यायला सांगा. काही महिने नियमित सराव करूनही अक्षरांचीच गफलत होत असेल तर वाचनअक्षमतेची तपासणी करून घ्या. तिथे माझ्या युक्त्या पुरत नाहीत.

बाई निवृत्त होताना जुन्या नोंदवह्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवून गेल्या, 'पुरावा' म्हणून. पाचवीला ती मुलगी त्यांच्याच वर्गात होती. तिची वही काढून पाहिली. सव्वीस पुस्तकांचे सारांश, सुंदर अक्षरात. शेजारणीची वहीही त्याच गठ्ठ्यात होती. सव्वीसच्या सव्वीस तिच्यातून उतरवलेले, शेजारणीच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसकट.