फॉर्म भरायच्या आधी तो कोण वाचणार ते विचार

तुझी पोस्ट वाचली आणि उत्तर दिल्याशिवाय राहवेना. डेंग्यू होऊन गेला, प्लेटलेट वर आल्या, डॉक्टरांनी घरी सोडलं. तरी मध्यरात्री छातीत धडधडून जाग येते, थर्मामीटर उशाशी घेऊन झोपतेस, पुस्तक उघडलं की आयसीयूत गेलेली शेजारच्या खोलीतली मुलगी आठवते. आता गेवराईकडे गावी आहेस, परीक्षा तोंडावर आहे, आणि कॉलेजने ‘मानसिक आरोग्य सर्वेक्षण’ म्हणून गुगल फॉर्म पाठवलाय. तो खरा खरा भरू का, असं तू विचारलंयस. प्राणायाम करा, मोबाइल कमी बघा, हे इथे बऱ्याच जणांनी सांगून झालंय. मी फॉर्मबद्दलच बोलते.

मी डॉक्टर नाही. माझ्या कॉलेजात झालं तेच तुझ्याकडे होईल असंही नाही. पण असा फॉर्म मी भरलाय.

२०२० साली मी संभाजीनगरला पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते. मार्चमध्ये करोनामुळे हॉस्टेल रिकामं करायला लावलं आणि मी घनसावंगी तालुक्यातल्या आमच्या गावी आले. मुंबई-पुण्याहून आलेली माणसं झेडपीच्या शाळेत ठेवलेली, कुणी खोकलं की अख्खी गल्ली दारं लावून घ्यायची. त्यात परीक्षेचा घोळ. राज्य सरकार म्हणालं नको, जुलैत यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, म्हणाली झालीच पाहिजे, २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि ऑक्टोबरमध्ये ऑनलाइन पेपर झाले. रोगाच्या भीतीइतकंच त्या टांगणीने मला पोखरलं. झोप गेली, भाकरी घशाखाली उतरेना.

तेव्हा वर्गाच्या ग्रुपवर समुपदेशन कक्षाचा फॉर्म आला. वर लिहिलेलं, ‘आपली माहिती गोपनीय राहील.’ मी सगळं लिहिलं. जगणं नकोसं वाटतं हेही लिहिलं. वाटलं, कुणीतरी फोन करेल.

फोन आला, पण अण्णांना. प्रवेशाच्या वेळी दिलेला पालकांचा नंबर त्यांच्याकडे होताच. अण्णांच्या मोबाइलचा कानाला लावायचा आवाज गेलेला, म्हणून तो कायम स्पीकरवर असायचा. ओसरीवर चुलते बसलेले, शेजारच्या काकू दूध घ्यायला आलेल्या. आणि त्यातून एका सरांचा आवाज, “तुमच्या मुलीने फॉर्ममध्ये असं असं लिहिलंय. लक्ष ठेवा. काही झालं तर कॉलेजची जबाबदारी नाही.” अण्णा नुसते “हो सर, हो सर” म्हणत राहिले. काकू पातेलं तिथंच ठेवून माझ्याकडे बघत होत्या.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. “पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हनं.” माझा मोबाइल काढून घेतला, खोलीची आतली कडी काढून टाकली, आणि पंधरवड्याच्या आत स्थळं बघायची बोलणी सुरू झाली, लग्न केलं की डोकं ठिकाणावर येतं म्हणून. एमएस्सीचा प्रवेश त्या वर्षी हुकला तो हुकलाच. घरच्यांवर माझा राग नाही, ते घाबरले होते. राग त्या कक्षावर आहे. पुढे कळलं की सगळ्या मुलांची उत्तरं एकाच शीटमध्ये, नावानिशी, वर्गशिक्षकांच्या ग्रुपवर टाकली होती. आणि त्या कक्षातून मला स्वतःला एकदाही फोन आला नाही. मी चौकशी केली तर सांगितलं, अहवाल वर पाठवलाय. जीव नकोसा झालेल्या पोरीचं उत्तर यांनी अहवालात भरलं आणि हात झटकले. सहा महिने मी कुणाशी त्यावर एक शब्द बोलले नाही, आणि माझं दुखणं वाढलं ते याच काळात.

म्हणून माझं स्पष्ट मत: नावानिशी फॉर्म असेल तर त्यात मनातलं लिहू नकोस. आधी विचार, हा कोण वाचणार, तो माणूस शिकलेला समुपदेशक आहे का, की वर्गावरच्याच एका सरांना जादा काम दिलंय? हे विचारण्यात आगाऊपणा काही नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितलंय. असा माणूस तुमच्याकडे खरंच असेल तर त्याला समोरासमोर भेट, फॉर्मची गरजच नाही. चांगले समुपदेशक असतात, माझ्या मामेबहिणीला नांदेडला भेटले. सगळ्यांना एका माळेत ओवायचं नाही मला.

त्यापेक्षा सरळ दवाखाना गाठ. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. कोणत्या वारी ते आधी विचारून जा, नाहीतर बीडला जाऊन हेलपाटा होईल. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचे पैसे लागत नाहीत. संभाजीनगरची घाटी किंवा अंबाजोगाई ही सरकारी मेडिकल कॉलेजची रुग्णालयं, तिथे थोडी फी असते, पण खासगीच्या मानाने काहीच नाही. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार करणाऱ्यांवर गुप्तता पाळायचं बंधन घातलंय. जिवाला धोका असेल तर त्याला अपवाद आहेत, ते असायलाच हवेत. पण तिथलं बोलणं ओसरीवर स्पीकरवर ऐकू येत नाही.

मी शेवटी घाटीत गेले. अण्णाच घेऊन गेले, बाहेरच्या बाकड्यावर डबा मांडीवर घेऊन बसून राहिले. डॉक्टरबाईंनी आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघितलं. माझं रक्त बरंच कमी निघालं. ही तपासणी तूही करून घे. धडधड आणि थकव्यामागे कधी कधी तेही असतं, शिवाय डेंग्यूनंतर काही आठवडे गळाल्यासारखं वाटतंच. गोळ्या दिल्या तर दोन-चार दिवसांत फरक पडत नाही, दोन ते चार आठवडे लागतात. मनाने बंद करू नकोस. आणि चुलतभावाने मेडिकलवरून आणून दिलेल्या झोपेच्या गोळ्यांचं लिहिलंयस, त्या घेऊ नकोस. त्यांची सवय लागते. पाकीट तसंच डॉक्टरांना दाखव.

प्लेटलेटचंही सांगते. डॉक्टरांनी सोडल्यावर पुन्हा पुन्हा लॅबमध्ये जाऊन रक्त काढणं थांबव. दीड लाखाच्या वर असताना दहा-वीस हजारांनी खालीवर होतच असतं. त्या आकड्यांनी तुझी भीती कमी होत नाही, पुढच्या आकड्याची वाट बघणं तेवढं वाढतं. मी ऑक्सिमीटरचं हेच केलं होतं. दर थोड्या वेळाने बोट घालून बघायचं. डॉक्टरबाईंनी ते मायजवळ द्यायला लावलं, थर्मामीटरचंही तसंच कर. पुन्हा ताप आलाच तर मात्र आपल्या मनाने दुखण्याची गोळी घेऊ नकोस, पॅरासिटामॉलच, आणि लगेच दवाखाना.

हॉस्टेलवर परत गेल्यावर एक बघ. आपल्याकडे नळाला आठवड्याने पाणी येतं, म्हणून पोरी बादल्या, ड्रम भरून ठेवतात, आणि डेंग्यूचा डास त्या स्वच्छ साठलेल्या पाण्यातच होतो. आठवड्यातून एक दिवस सगळं रिकामं करून, घासून, कोरडं करायला रेक्टरबाईंना लावा. वर झाकण हवंच.

पोस्टमध्ये तू ‘कधी कधी संपावं वाटतं’ असंही एक वाक्य टाकलंयस, कुणी त्यावर बोललं नाही. तो विचार परत आला तर सकाळची वाट बघू नकोस. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, रात्रंदिवस चालू, फुकट, मराठीत बोलता येतं. आणि घरातल्या एकाच माणसाला, जे ऐकून आरडाओरडा करणार नाही अशाला, आजच सांगून ठेव. आजी चालेल, वहिनी चालेल. रात्री एकटी झोपू नकोस.

हजेरी कमी पडलीय त्यासाठी डेंग्यूचं डिस्चार्ज कार्ड पुरतं. मानसोपचाराचा कागद त्या अर्जाला जोडू नकोस, त्याची कार्यालयात कुणाला गरज नाही. झेरॉक्स दे, अर्जाच्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घे, मूळ कागद स्वतःजवळ ठेव. बीडला जायचं ठरलं की इथेच लिही, सोबत काय काय न्यायचं ते सांगते.