उत्तर: टीव्हीखालच्या बंद कपाटात रिसीव्हर तापून बंद पडतो

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातलं जुनं घर, वर दगडी पटियांचं (लांब फरशांचं) छत, काचेच्या दाराचं कपाट आणि पाऊण तासात ‘प्रोटेक्ट’ (स्वतःला वाचवायला बंद होतोय अशी खूण) दाखवून बंद पडणारा रिसीव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज स्पीकरांना पुरवणारा ॲम्प. तुमची पोस्ट वाचताना माझंच जुनं दुखणं कोणी लिहून काढलंय असं वाटलं. स्पीकरच्या वायरीतली एखादी तार शेजारच्या टर्मिनलला टेकत नाही ना (त्यानंही ‘प्रोटेक्ट’ येतं), हे तुम्ही पाहिलंच असेल, म्हणून ते सोडतो.

मागच्या फळीत दोन पंखे लावूनही फरक नाही, म्हणता. पडणारच नाही. कपाट भिंतीपासून २ सेंटिमीटरवर आहे आणि पंख्यांखालीच वायरींचं भोक आहे. पंखा गरम हवा त्या फटीत ढकलतो, तिला निघायला जागा नसते, मग तीच हवा वायरींच्या भोकातून परत आत येते. पंखे जोरात फिरतात, आवाज करतात, आणि कपाटात तीच हवा गोल फिरत राहते. माझा अख्खा उन्हाळा या एका चुकीत गेला. मी तिसरा पंखासुद्धा जोडला होता. पडताळायचं असेल तर वायरींच्या भोकापाशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला जातोय आणि तिथे हात धरला तर हवा कोमट लागतेय, म्हणजे हेच.

उपाय पंख्यांची संख्या वाढवण्यात नाही, वाटेत आहे. हवा खालून, पुढून आत यायला हवी आणि वरून बाहेर जायला हवी. वायरींचं भोक फोमनं बुजवा. तळाच्या फळीत पुढच्या बाजूला ३० बाय ५ सेंटिमीटरची खाच पाडा. कपाट जमिनीला टेकलेलं असेल तर आधी पाय लावा. वरच्या फळीत, ॲम्पच्या जाळीच्या बरोबर वर, १२० मिलिमीटरचा एकच पंखा. सुताराला ११.५ सेंटिमीटरचं गोल भोक आणि चार कोपऱ्यांत एकमेकांपासून १०.५ सेंटिमीटरवर स्क्रू असं माप द्या. ज्या बाजूला पंख्याच्या दांड्या आणि लेबल असतं, त्या बाजूनं हवा बाहेर पडते; ती बाजू वर हवी. पंखा खाली फुंकणारा लावू नका. गरम हवा आपणहून वर जात असते, तिच्याशी कुस्ती कशाला?

एक पंखा पुरतो का, असं विचाराल. १०० वॅट उष्णता, आतली हवा खोलीपेक्षा १० अंशांनीच जास्त तापू द्यायची, तर मिनिटाला साधारण १८-१९ घनफूट हवा लागते. तेवढी १२० मिलिमीटरचा पंखा हळू फिरूनही देतो. म्हणून १२ व्होल्टचा पंखा, व्होल्टेज बदलता येणाऱ्या अडॅप्टरवर ७.५ किंवा ९ व्होल्टला चालवा. आवाज जवळजवळ जातो. दोन पंखे एकामागे एक जोडून व्होल्टेज वाटून घ्यायची युक्ती करू नका, एखादा सुरूच होत नाही. २३० व्होल्टचे छोटे पंखे घुमतात, ते टाळाच.

तापमान मोजायला इन्फ्रारेड गन वापरणार असाल तर चकचकीत ॲल्युमिनियमवर ती खोटं, कमी तापमान दाखवते. आधी काळी इन्सुलेशन टेप चिकटवा आणि टेपवर मोजा.

सेवाकेंद्राबद्दल न लिहिलेलंच बरं, पण लिहितो. एका केंद्रानं दोनदा ‘चार तास चालला, दोष नाही’ असं लिहून दिलं आणि तपासणीचे पैसेही दोनदा घेतले. चालणारच! उघड्या टेबलावर, एसीत, स्पीकर न जोडता. रिसीव्हर द्यायचाच असेल तर ४ ओहमच्या लोडवर (स्पीकरसारखा भार जोडून), जाळी झाकून चालवून बघा असं कागदावर लिहून द्या.

कूलरचा झोत थेट ॲम्पवर नको. कूलरनं खोली थंड होते ते चांगलंच, पण झोतातले थेंब आणि धूळ मिळून जाळीत चिखल होतो, आणि बोअरचं पाणी असेल तर पांढरा थर बसतो. ॲम्पच्या डोक्यावरचा सेट-टॉप बॉक्सही काढा. एचडीएमआय बोर्ड बहुतेक तिथेच खाली असतो, आणि त्यावरच्या कपॅसिटरचं (वीज साठवणाऱ्या भागाचं) आयुष्य तापमान वाढलं की दर १० अंशांना साधारण निम्मं होतं. मेन्यूतलं ‘४ ओहम’ सेटिंग ताकद कापून उष्णता कमी करतं. मला ते आवडत नाही, पण मे महिन्यात चालेल. हे माझं मत, कंपनीचं पुस्तक वेगळं सांगत असेल तर ते ऐका. वॉरंटी असेल तर झाकण उघडू नका. नसली तरी प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, त्याचा झटका बसू शकतो.

खालच्या खाचेवर नायलॉनची जाळी लावा. एरवी ती महिन्यातून एकदा धुतली तरी चालते, लू (उन्हाळ्यातले गरम वारे) सुरू झाली की दर आठवड्याला.