जेवता जेवता बघायचे पिक्चर

प्रश्न: मी इंदिरानगर, नाशिकची. नवऱ्याची सातपूरला शिफ्ट असते, आठवड्यातनं एखादंच जेवण सोबत होतं आणि तेव्हाही तो मोबाईलमध्ये. जेवणातून नातं उलगडणारे पिक्चर सांगा ना, दोघांनी मिळून बघायचेत.

उत्तर: अगं आधी 'गुलाबजाम' लाव, २०१८चा, सचिन कुंडलकरांचा. लंडनची बँकेतली नोकरी सोडून पोरगा पुण्यात येतो आणि डबे करणाऱ्या राधाच्या मागेच लागतो की मला स्वयंपाक शिकवा, ती आधी तयारच नसते, पण मग शिकवता शिकवता त्यांच्यात जे होतं त्याला प्रेम म्हणायचं की अजून काय हे पिक्चर पटकन सांगून टाकत नाही, मला तेच आवडलं. सोनाली कुलकर्णी तर भारीच. उपाशीपोटी मात्र बघू नका, मी बघितला आणि रात्री अकराला कुकर लावला!

'द लंचबॉक्स' (२०१३) मध्ये एकत्र जेवण असं नाहीच, चुकून दुसऱ्याकडे गेलेला डबा आणि त्यातल्या चिठ्ठ्या. वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटी तर दिसतच नाहीत, नुसता भारती आचरेकरांचा आवाज, तरी घरभर असतात.

'चीनी कम' हलकाफुलका, पुलावावरनं भांडण, बस. रविवारी मिसळ खाऊन आलात की लावा, त्याचा फोन आधी आतल्या खोलीत चार्जिंगला.