फँटसी नौदलाच्या खेळातली छोटी जहाजं रंगवताना शिडं दर वेळी बिघडतात. नाशिकमध्ये राहतो, काय चुकतंय?

बहुतेक तुम्ही शिडं आधीच चिकटवताय. डोलकाठीमागे ब्रश जात नाही, गेलाच तर डेक बरबटतो. मी प्रत्येक शीड टूथपिकच्या टोकाला थेंबभर फेव्हिकॉलने बसवून सुटं रंगवतो, जोडणी अगदी शेवटी.

पांढराशुभ्र रंग नकोच, एवढ्याशा शिडावर तो खडूसारखा दिसतो. आधी बदामी, त्यावर पाणी घातलेला पातळ तपकिरी. तो आपोआप घड्यांत उतरतो. पूर्ण वाळला की वाऱ्याने फुगलेल्या भागावरच जुन्या धोतरासारखा मळकट पांढरा. भुतांचं जहाज असेल तर तपकिरीऐवजी शेवाळी हिरवा घ्या, काम झालं.

दुसरा संशय प्रायमरवर, म्हणजे रंगाआधीच्या थरावर. मे महिन्यात दुपारी दोन वाजता पंचवटीतल्या आमच्या गच्चीवर मी स्प्रे मारला होता. कोरड्या उन्हात रंग हवेतच वाळला आणि गलबताचा डेक सँडपेपर झाला! तेव्हापासून उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत मारतो. पावसाळ्यात दमट हवेने वर धुरकट थर बसतो, म्हणून तेव्हा ब्रशनेच प्रायमर लावतो.

ब्रश शून्य किंवा एक नंबरचा, पण टोकदार. तीन शून्यवाल्याच्या नादी लागू नका, रंग जहाजापर्यंत पोचायच्या आत टोकावरच सुकतो. रेझिनची डोलकाठी वाकली असेल तर गरम पाण्यात बुडवून सरळ करा आणि लगेच गार पाण्यात धरा. दोऱ्यांचे दोरखंड मी लावतच नाही, दोन डावांत तुटतात.