घरी सगळं येतं, वर्गात दातखीळ बसते

“घरी सगळं येतं हो, पण वर्गात नाव पुकारलं की दातखीळ बसते. वय झालं म्हणून होतं का असं?” चाळिशीनंतर परकी भाषा शिकायला घेतलेली माणसं हा प्रश्न हमखास विचारतात. एका बाईंची हकीकत सांगते, तिच्यात बरंचसं उत्तर आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

बाईंचं वय 47. हिशेब तपासणीचा अख्खा विभाग त्यांच्या हाताखाली, बैठकीत त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला की समोरचा सावरून बसणार. मुलाच्या सासरची माणसं जर्मन बोलणारी, आणि विहिणीशी दुभाष्याविना चार शब्द बोलावेत या हौसेनं त्यांनी जर्मनचा वर्ग लावला. ए 1 या पहिल्या पातळीची लेखी परीक्षा उत्तम गुणांनी पास. ए 2 या पुढच्या पातळीचा वर्ग सुरू झाला आणि दोन महिन्यांत तो सोडायची भाषा सुरू झाली.

तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. पहिल्या भेटीत तक्रारींचा पाढा ऐकला. भाषाच रुक्ष आहे, नियमापेक्षा अपवाद जास्त, शिक्षक भराभर पुढे पळतात, वर्गातली पोरं आगाऊ. ‘नाचता येईना अंगण वाकडं’ असं कुणी म्हणेल, पण बाईंना नाचता येत होतं, लोकांदेखत पाऊल उचलत नव्हतं. भाषेबद्दलची अढी पुष्कळदा अशीच तयार होते. ‘मला भीती वाटते’ हे पदावरच्या माणसाला जड जातं, ‘भाषा कंटाळवाणी आहे’ हे सोपं जातं. (शिक्षक खरोखर टोचून बोलणारा असू शकतो, तसा असेल तर वर्ग बदलावा, सहनशक्तीची परीक्षा देत बसू नये. इथे तसं नव्हतं.)

मी त्यांना मागच्या तासाला काय काय झालं ते सविस्तर सांगायला लावलं. गाळलेल्या जागा भरायचा सराव होता, दहा वाक्यं. शिक्षकांनी डावीकडून ओळीनं विचारायला सुरुवात केली. बाईंनी डोकी मोजली आणि सातवं वाक्य आपल्या वाट्याला येणार हे ताडलं. पेन्सिलीनं उत्तर लिहिलं, खोडलं, फोनवर ताडून पुन्हा लिहिलं, मग ओठांतल्या ओठांत घोकत बसल्या. आधीची पाच वाक्यं कोणी काय म्हटली याचा पत्ता नाही. तेवढ्यात अलीकडचा मुलगा फोन घ्यायला बाहेर गेला आणि सहावं वाक्य त्यांच्यावर आलं. ‘मी बसनं येते’ एवढंच, म्हणजे ‘मिट डेम बुस’. ‘मिट’ म्हटलं आणि पुढे ततपप. जर्मनमध्ये नाम उच्चारण्याआधीच त्याचं लिंग आणि विभक्ती ठरवून आर्टिकल (इथे ‘डेम’) लावावं लागतं, त्यामुळे अडणारा माणूस नेमका वाक्याच्या मध्यात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर अडतो. मागे दोघं कशावर तरी हसली. ते हसू आपल्यावरच, अशी बाईंची खात्री. घरी जाताना जिन्यात ‘डेम, डेम’ आठवलं आणि स्वतःचाच संताप आला.

या प्रसंगात वयाचा संबंध कुठे आहे? लक्ष दोन ठिकाणी वाटलं गेलं होतं. अर्धं वाक्यात, अर्धं ‘मी कशी दिसतेय’ यात. मॅकिन्टायर आणि गार्डनर या अभ्यासकांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, फ्रेंच शब्द शिकत असलेल्या विद्यार्थ्यांसमोर अध्येमध्ये व्हिडिओ कॅमेरा आणून ठेवला होता. ज्या टप्प्यावर कॅमेरा आला तिथे चिंता वाढली आणि शिकणं ढासळलं. बाईंच्या समोर असा कॅमेरा दर तासाला होता, फक्त तो त्यांच्या डोक्यात होता.

परक्या भाषेच्या वर्गातली ही चिंता वेगळी ओळखायला हवी, हे एलेन हॉर्विट्झ, मायकेल हॉर्विट्झ आणि कोप या अभ्यासकांनी 1986 मध्ये मांडलं आणि ती मोजायला 33 विधानांची एक मापनश्रेणी दिली. मी ती गुण काढायला फारशी वापरत नाही, बोलतं करायला वापरते. आपलं नाव पुकारणार हे कळलं की थरकाप होतो, बाकीचे आपल्यापेक्षा चांगलं बोलतात असं सारखं वाटतं, अशा अर्थाची विधानं वाचताना बाई एकदम म्हणाल्या, “म्हणजे हे छापलेलं आहे? मग माझ्या एकटीचं नाहीये.” त्या दिवशी पहिल्यांदा त्या खुर्चीत टेकून बसल्या.

मोठ्या माणसाचं दुखणं इथे थोडं जास्त असतं. लहान मूल कुठल्याच भाषेत अधिकारवाणीनं बोलत नसतं, त्यामुळे त्याचं काही जात नाही. आपल्या भाषेत दहा जणांना कामाला लावणारी बाई परक्या भाषेत ‘माझ्याकडे एक मांजर आहे’ एवढ्यावर येते, हे मानी माणसाला झोंबतं. त्यात बाईंचा पेशाच चूक शोधण्याचा. “चुकीचं वाक्य तोंडातून गेलं तर ते गेलंच ना,” हे त्यांचं म्हणणं.

म्हणून मी त्यांच्याच पद्धतीनं गेले, कागद पुढे केला. ए 1, ए 2 या पातळ्या ज्या युरोपीय चौकटीतून आल्या, ती 2001 मध्ये युरोप परिषदेनं प्रसिद्ध केली. ए 2 ला काय अपेक्षित आहे, ते तिथे स्पष्ट लिहिलंय: हा माणूस मूलभूत चुका नेमानं करतो, काळांची गल्लत करतो, अडखळतो, वाक्य सोडून नव्यानं सुरू करतो, पण त्याला काय म्हणायचंय ते सहसा कळतं. बाईंनी दोनदा वाचलं. “म्हणजे निकषात चुका धरलेल्याच आहेत!” माझ्या दहा समजुतीच्या गोष्टींनी झालं नसतं ते त्या परिच्छेदानं केलं.

पण पटल्यानं जीभ सुटत नाही, त्यासाठी काम करावं लागलं. आधी भीती घालवू आणि मग बोलू, हा क्रम मी मुळातच धरत नाही. तो दिवस उजाडत नाही. वर्गातल्या एकीबरोबर तासाआधी दोघींनीच जर्मनमध्ये बोलायचं, विषय कालचा दिवस, मध्ये दुरुस्ती करायची नाही. ऐकणारी एकच, म्हणून छाती कमी धडधडते. ते जमल्यावर चौघांच्या गटात. डोकी मोजणं बंद करायला सांगितलं नाही, कारण सांगून ते बंद होत नसतं. बाईंनी शिक्षकांना गाठून स्वतः सांगितलं, “मला ओळीनं विचारू नका, आणि अडले तर लगेच उत्तर देऊ नका, थोडं थांबा.” शिक्षक आनंदानं तयार झाले; त्यांना इतके दिवस वाटत होतं की बाईंना रसच नाही. मोजण्यात अर्थ उरला नाही तसं इतरांची उत्तरं ऐकू यायला लागली. अडल्यावर म्हणायची वाक्यं मात्र घोकून घेतली: ‘आइनेन मोमेंट बिटे’ (एक मिनिट हं), ‘नोख माल बिटे’ (पुन्हा एकदा सांगा). गप्प बसलेल्या माणसाला काही येत नाही असं वाटतं, ‘एक मिनिट’ म्हणणारा मात्र संभाषणातच असतो.

बाईंचं बोलणं फोनवर रेकॉर्डही केलं. ऐकण्याआधी त्यांचा अंदाज होता, सगळंच अडखळत गेलं. ऐकलं तर मोठे थांबे दोन. स्वतःच्या चुका फुगवून पाहणं ही चिंतेची जुनी खोड आहे.

आता वयाचं. मोठेपणी शिकलेल्या भाषेत उच्चारावर पहिल्या भाषेची छाप बहुधा राहते, हे खरं. पण सुरुवातीच्या काळात व्याकरण आणि शब्द मोठी माणसं लहानांपेक्षा भरभर उचलतात. 1978 मध्ये नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या मुला-मोठ्यांवर झालेल्या अभ्यासातही हेच दिसलं. तेव्हा अडखळण्याचं सगळं खापर वयावर फोडू नये.

दोन गोष्टी तपासाव्यात. ध्वनी नीट वेगळे ऐकूच येत नसतील, किंवा वाचन-लेखनाची अडचण स्वतःच्या भाषेतही असेल, तर चिंता हा परिणाम असतो आणि आधी कान किंवा ती अडचण पाहावी लागते. आणि वर्गाबाहेरही, फोन उचलताना, चारचौघांत जेवताना अशीच गाळण उडत असेल, तर प्रश्न भाषेच्या वर्गाचा नाही, मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं.

बाई आता बी 1 ला आहेत. परवा विचारत होत्या, पुढचा वर्ग ऑनलाइन घेऊ का, कॅमेरा बंद ठेवता येतो. मी म्हटलं, कॅमेरा पहिले काही तास बंद ठेवा हवा तर, माइक मात्र पहिल्या तासापासून चालू. “आणि माइकच बिघडला तर?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तर तसं शिक्षकांना जर्मनमध्ये लिहून कळवा.