ड्रामातलं कोरियन सोलमध्ये चालतं का?

चार वर्षं ड्रामे बघून कोरियन बऱ्यापैकी कळतं, मग सोलला मास्टर्सला येण्याआधी वेगळा क्लास लावायला हवा का, आणि तिथं आपण सामावतो का, असं विचारलंयस.

क्लास लावच. मीही सहा वर्षांपूर्वी ड्रामांच्या भरवशावर आले. दुसऱ्याच आठवड्यात लॅबमध्ये सरांना हसून विचारलं, 'पाम मोगोस्सो?' म्हणजे, जेवलास का! शेजारच्या मुलाचा घास तोंडातच राहिला. 'शिक्सा हाश्योस्सोयो?' म्हणायला हवं होतं. विचारपूस आपल्यासारखीच जेवणावरून, पण सरांना 'जेवलास का' आपण तरी कुठं म्हणतो? ड्रामात प्रेमी नि मित्र बोलतात ते 'बानमाल', म्हणजे अरे-तुरे. तुला दिवसभर लागणार 'जोन्देमाल', म्हणजे अहो-जाहो, त्यात क्रियापदाचं शेपूटच बदलतं. (वडिलांना मात्र 'आप्पा'च म्हणतात, तेवढं पाठ करायला नको!)

हे सगळं वयावर चालतं. २०२३ च्या जूनपासून सरकारी कामात वय आपल्यासारखंच, वाढदिवसावरून मोजतात, तरी पहिल्या भेटीत जन्मसाल विचारतातच. एका वर्षाने मोठा असला तरी सीनियर. पण भेटेल त्याला 'ओप्पा', म्हणजे दादा, म्हणू नकोस, जवळच्यालाच म्हणतात.

'टॉपिक' या कोरियन भाषेच्या परीक्षेच्या सहा पातळ्यांपैकी निदान तिसरी करून ये. विद्यार्थी व्हिसावर पार्टटाइमला इमिग्रेशनची परवानगी लागते आणि कामाचे तासही टॉपिकची पातळी बघून ठरतात.

खोलीचं थोडक्यात: वन-रूमला डिपॉझिटच बहुधा ५० लाख ते १ कोटी वॉन, म्हणजे अंदाजे ३ ते ६ लाख रुपये. सुरुवातीला गोशिवॉन बघ. पलंग-टेबल मावेल एवढीच खोली, बिनखिडकीची स्वस्त. भात-किमची बऱ्याच ठिकाणी फुकट. शाकाहारी असशील तर किमचीत बहुतेक वेळा खारवलेली कोळंबी किंवा मासळीचा रस असतो, विचारून खा.

आता सामावण्याचं. माणसं मदतीला धावतात, कोरियन बोललीस की खूश होतात. पण माझ्या लॅबमध्ये कुणी ड्रामे बघत नाही; तिथली मुलं १८ महिन्यांची लष्करी सेवा, नोकरी आणि घरभाडं यांवरच बोलतात. चेहऱ्याचं दडपण त्यांच्यावरही आहे, नोकरीच्या अर्जाला फोटो जोडायची सवय अजून पुरती गेलेली नाही. मी पहिल्यांदा कुशन फाउंडेशन घ्यायला गेले तर दुकानात शेड दोनच, २१ आणि २३. मनगटावर लावून बघितलं, पिठात हात घातल्यासारखा दिसला. दुकानातली मुलगी बिचारी माझ्यापेक्षा जास्त ओशाळली. हल्ली गडद शेड निघाल्यात, पण कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतीलच असं नाही.

फाउंडेशन घरूनच आण. आणि छोटा कुकर.