बी-ट्वेल्व कमी निघालं, मग मूडच्या गोळ्या बंद करू का?

हा प्रश्न हल्ली इतक्यांदा ऐकते की लिहूनच टाकते. आणि विचारणाऱ्याचा चेहरा दरवेळी सुटल्यासारखा असतो, ते जास्त महत्त्वाचं.

सुनीताताई (नाव बदललंय) ऐरोलीहून ठाण्याला माझ्याकडे समुपदेशनासाठी यायच्या. बायपोलर (मूड कधी फार वर, कधी फार खाली जाण्याचा आजार), मूड सावरणारं लिथियम चालू, मूड बऱ्यापैकी स्थिर, पण गॅसवर दूध ठेवून विसरायचं, ऑफिसात एकच एंट्री दोनदा व्हायची. रिपोर्टमध्ये बी-ट्वेल्व 148, भोवती लाल पेनने गोल. बऱ्याच लॅब 200 च्या खाली कमी धरतात. पूर्ण शाकाहारी, त्यात कित्येक वर्षं रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी, तिनेही बी-ट्वेल्व नीट शोषलं जात नाही, म्हणजे नवल काहीच नव्हतं.

"म्हणजे बायपोलर नव्हतंच, हेच होतं."

"हेच होतं म्हटल्यावर इतकं हलकं का वाटतंय तुम्हाला?"

बराच वेळ गप्प. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. मग म्हणाल्या, "सासूबाईंना बी-ट्वेल्व सांगता येतं हो मॅडम. बायपोलर कसं सांगू?"

इथे केस उघडली. मी विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते, म्हणजे रिपोर्ट काय म्हणतो यापेक्षा माणूस त्यावरून स्वतःला काय सांगतो ते ऐकायचं, आणि इतक्या वर्षांत कान तयार झालाय असं म्हणायला हरकत नाही. त्यांना उपचार नको नव्हते, लाज नको होती. पुढचं सगळं काम त्या लाजेवरच झालं.

आता कामाचं. बी-ट्वेल्व कमी असेल तर विसरभोळेपणा, चिडचिड, हातापायाला मुंग्या येऊ शकतात, ते भरून काढायलाच हवं. पण मूडच्या आजारातही लक्ष लागत नाही, बायपोलरमध्ये तर मूड ठीक असतानाही, आणि दोन्ही एकत्र असू शकतं. लिथियमवर असाल तर थायरॉईडही तपासत राहावं लागतं, तिथूनही डोकं जड होतं. व्हिटॅमिन डीचं म्हणाल तर अमेरिकेत 18,353 जणांना साधारण 5 वर्षं रोज 2000 युनिट डी-थ्री किंवा नुसती खोटी गोळी दिली, 2020 मध्ये निकाल आला, डिप्रेशन टाळण्यात फरक नाही. कमी असेल तर हाडांसाठी जरूर घ्या, पण दर आठवड्याचं 60,000 चं पाकीट मनानेच वर्षभर चालू ठेवू नका.

सुनीताताईंच्या सायकियाट्रिस्टनी इंजेक्शनं दिली, लिथियम तसंच ठेवलं. काही महिन्यांनी एंट्रीतला घोळ बराच कमी झाला, गॅसला मात्र अजून मोबाईलचा अलार्म लागतो. सासूबाईंना त्यांनी दोन्ही नावं सांगितली.

तुमचाही असा रिपोर्ट आला असेल तर तो सायकियाट्रिस्टना दाखवा, लिथियम अचानक सोडलं तर आजार जोरात उलटू शकतो. आणि मेडिकलमधून नुसतं फॉलिक ॲसिड आणून खाऊ नका, त्याने बी-ट्वेल्व कमी असल्याने होणारा ॲनिमिया झाकला जातो आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं.